पंचांग तपासणारे मास्तर

लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी आमच्या घरात गणपतीवरून पेच पडला. माझं माहेर रत्नागिरीकडचं, टिळक पंचांग मानणारं. सासर सोलापूरकडचं, तिथे दाते पंचांग. एरवी या दोन पंचांगांतला फरक फारसा जाणवत नाही. पण ते वर्ष अधिक मासाचं होतं. माहेरी गणपती बसले तेव्हा सासूबाईंच्या हिशेबाने अजून श्रावण चालू होता. आरत्या, मोदक, विसर्जन सगळं आटोपून मी परत आले आणि महिन्याभराने पुन्हा तेच सगळं सासरी केलं. सासूबाईंनी तक्रार केली नाही. फक्त एका संध्याकाळी वाती वळता वळता त्यांनी विचारलं, की तू शाळेत गणित शिकवतेस, तर यातला खरा गणपती कोणता ते सांग.

मला सांगता येईना. विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत नसलं की आम्ही मास्तर मंडळी उद्या सांगते म्हणतो, तसंच मी म्हटलं आणि गावातल्या जुन्या वाचनालयात गेले. तिथल्या वयस्कर ग्रंथपालांनी शिडी लावून वरच्या फळीवरून एक जाडजूड पुस्तक काढलं, फडक्याने पुसलं आणि माझ्या हातात दिलं. 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास', लेखक शंकर बाळकृष्ण दीक्षित. शाळेत असताना हे नाव मी कधीतरी ऐकलं होतं, थोर पंडितांच्या यादीत. हा थोर पंडित आयुष्यभर माझ्यासारखाच शाळेत शिकवत होता, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मधला, दापोलीजवळच्या मुरुडचा. जंजिऱ्याजवळचं मुरुड वेगळं. हे समुद्राकाठचं, दुर्गादेवीच्या देवळाचं, नारळी-पोफळीच्या वाड्यांचं गाव. महर्षी कर्वेही याच गावात वाढले. दीक्षितांपेक्षा ते पाचेक वर्षांनी लहान. एवढ्याशा गावाने पाच वर्षांच्या अंतराने अशी दोन माणसं द्यावीत याचं मला फार नवल वाटतं. गावच्या शाळेत शिकून, दापोलीला इंग्रजीची ओळख करून घेऊन दीक्षित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले. तिथून शिक्षक होऊन बाहेर पडले, मॅट्रिक झाले, आणि औपचारिक शिक्षण तिथेच थांबलं. बी. ए. नाही, एम. ए. नाही. पुढे युरोपातले विद्वान ज्यांच्या आकड्यांवर विसंबून राहिले त्या माणसाची शैक्षणिक पात्रता एवढीच होती.

नोकरी सरकारी शाळाखात्यातली, म्हणजे बदल्या आल्याच. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुण्याचं ट्रेनिंग कॉलेज. रेवदंड्याला समुद्र, बार्शीला कोरडा दुष्काळी मुलूख, धुळ्याला खानदेशचं ऊन. बदली म्हणजे काय असतं हे शिक्षकांच्या घरात वेगळं सांगायला नको. भांडीकुंडी बांधायची, मुलांच्या शाळा बदलायच्या, नव्या गावात भाड्याचं घर शोधायचं. दीक्षितांच्या सामानात त्याखेरीज पोथ्या होत्या. दिवसा वर्ग, रात्री दिव्याच्या उजेडात ग्रहगणित. गणकयंत्र नाही, छापील तक्तेही पुरेसे नाहीत. शेकडो वर्षांपूर्वीच्या एका दिवशी चंद्र कुठे होता हे काढायचं, तर मुळापासून गुणाकार-भागाकार करायचे, आणि चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. हे काम मी हौसेने एकदा करून पाहिलं. एका तिथीसाठी माझी अख्खी रविवारची दुपार गेली, आणि माझ्या हाताशी तर सगळे आयते आकडे होते.

या माणसाने लिहिलेली पहिली पुस्तकं मुलांसाठीच होती. 'विद्यार्थिबुद्धिवर्धिनी' १८७६ चं, 'सृष्टिचमत्कार' १८८२ चं. पुढे 'ज्योतिर्विलास' आलं. त्याचं दुसरं नाव मला फार आवडतं: 'रात्रीची दोन घटका मौज'. तारे बघणं ही मौज आहे, आणि ती दोन घटकांत, म्हणजे पाऊण-एक तासात, अंगणात उभं राहून कुणालाही करता येते, हे मराठी माणसाला सांगणारं ते पुस्तक. घरोघरी खगोलाची गोडी लावणाऱ्या पुस्तकांत त्याचा नंबर बराच वरचा लागतो.

पण दीक्षितांचं नाव सातासमुद्रापार गेलं ते एका गुरुवारमुळे. ती हकिगत जरा सविस्तर सांगायला हवी.

मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण नावाचं गाव आहे. तिथे एक उंच दगडी स्तंभ आहे, आणि त्यावर बुधगुप्त राजाच्या काळातला लेख आहे. लेखात वर्ष दिलंय १६५, तिथी आषाढ शुद्ध द्वादशी, आणि वार गुरुवार. आता हे १६५ म्हणजे कुठल्या सनाचं? गुप्त राजांचा स्वतःचा संवत होता, पण तो कधी सुरू झाला हे कुणाला ठाऊक नव्हतं. अल्बेरूनीने आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं होतं की गुप्तांचा काळ शकानंतर २४१ वर्षांनी सुरू होतो. मात्र त्यानेच पुढे असंही लिहिलं होतं, की ही गणना गुप्तांचा नाश झाला तेव्हापासूनची. झाला घोटाळा! गुप्त त्या वर्षी संपले असतील तर त्यांचं राज्य त्याच्या कितीतरी आधीचं ठरतं. मग कुणी संवताचा आरंभ इसवी सन ७७-७८ मध्ये धरला, कुणी १६६-६७ मध्ये, कुणी १९०-९१ मध्ये. समुद्रगुप्त, चंद्रगुप्त, कुमारगुप्त ही सगळी मंडळी अडीचशे वर्षांच्या पट्ट्यात पुढेमागे हेलकावत राहिली. कालिदासापासून अजिंठ्यापर्यंत किती गोष्टींचा काळ त्यांच्याबरोबर हलत होता याची कल्पना करा.

मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी जॉन फेथफुल फ्लीट यांच्याकडे गुप्तांचे लेख संपादित करण्याचं काम होतं. मंदसोरच्या एका शिलालेखामुळे कुमारगुप्ताचा काळ इसवी सनाच्या पाचव्या शतकात येतो असं त्यांना दिसत होतं; पण त्याला गणिताची जोड हवी होती. ती जोड दिली दीक्षित मास्तरांनी.

युक्ती ऐकायला सोपी आहे. तिथी चंद्रसूर्यातल्या अंतरावर ठरते, आणि वार मात्र काही न बघता सातांच्या चक्रात फिरत असतो. त्यामुळे आषाढ शुद्ध द्वादशीला दर वर्षी वेगळा वार येतो. लेखात तिथीही आहे आणि वारही आहे, तर ज्या वर्षी हे दोन्ही जुळतील ते वर्ष खरं असू शकतं. अल्बेरूनीचे २४१ घेतले तर १६५ अधिक २४१ म्हणजे शक ४०६, म्हणजेच इसवी सन ४८४. दीक्षितांनी गणित मांडलं. त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी आली २१ जून ४८४ ला, आणि तो दिवस गुरुवार निघाला.

चिकित्सक वाचकाच्या मनात इथे शंका येईल, आणि ती रास्त आहे. वार सातच. कुठलंही वर्ष घेतलं तरी सातात एक वेळा तो योगायोगाने जुळायचाच. दीक्षितांनाही हे पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच मला त्यांचं पुढचं काम या गुरुवारपेक्षाही मोलाचं वाटतं. परिव्राजक घराण्यातले हस्तिन् आणि संक्षोभ या राजांच्या ताम्रपटांत गुप्तवर्षाबरोबर महावैशाख, महाआश्वयुज अशी संवत्सरांची नावं येतात. हे गुरू ग्रहाचं बारा वर्षांचं चक्र. पण नाव कुठल्या नियमाने द्यायचं हे विसरलं गेलं होतं. दीक्षितांनी जुने ग्रंथ चाळून नियम शोधला: गुरू सूर्याच्या तेजात लोपतो आणि काही दिवसांनी पहाटे पुन्हा दिसू लागतो, त्या वेळी तो ज्या नक्षत्रात असेल त्यावरून वर्षाचं नाव. या नियमाने त्यांनी एकेक ताम्रपट तपासला, आणि अल्बेरूनीच्याच सनाने सगळी नावं बिनचूक जुळली. वार योगायोगाने जुळेल, पण चार ताम्रपटांवरचा गुरूही योगायोगाने जुळेल, असं कोण म्हणणार? फ्लीटसाहेबांचा खंड १८८८ मध्ये निघाला तो दीक्षितांच्या या गणितासकट. गुप्त संवताचा आरंभ इसवी सन ३१९-२० हे आज शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं. त्या ओळीमागे एका शाळामास्तराचे किती गुणाकार आहेत हे आम्ही शिकवणारेही विसरतो.

यानंतर 'इंडियन अँटिक्वेरी' या मुंबईच्या नियतकालिकात त्यांचे लेख येऊ लागले. त्यातला एक रोमकसिद्धांतावरचा, १८९० मधला. तो विषय थेट ग्रीसला जाऊन भिडतो, म्हणून थोडं थांबते. इसवी सनापूर्वी ४३२ च्या सुमारास अथेन्समध्ये मेटन नावाचा ज्योतिषी होऊन गेला. चांद्रमास आणि सौरवर्ष यांची मोट बांधायचा प्रश्न ग्रीकांनाही आपल्यासारखाच छळत होता. मेटनच्या नावाचं जे चक्र आहे त्यात १९ वर्षांत २३५ चांद्रमास बसवलेत, म्हणजे १९ वर्षांत ७ अधिक मास. आता वराहमिहिराने सांगितलेला रोमकसिद्धांत पाहा. त्याचं युग २८५० वर्षांचं, आणि त्यात १०५० अधिक मास. दोन्हींना १५० ने भागा: १९ आणि ७! वर्षाची लांबीसुद्धा हिपार्कस या ग्रीक ज्योतिषाने धरलेलीच. रोम किंवा ग्रीस इकडून आलेलं गणित आपल्याकडे पोचलं होतं, हे या एका भागाकाराने दिसतं.

मग सगळंच तिकडून आलं का? व्हिटनी या अमेरिकन पंडिताचं मत तसं होतं. गंमत म्हणजे त्याने ज्या सूर्यसिद्धांताच्या भाषांतरावर टीपा लिहिल्या, त्याचे भाषांतरकार बर्जेस हे आपल्या मराठी मुलखात मिशनरी होते, आणि शाळांसाठी मराठीत ज्योतिषाचं पुस्तक तयार करता करता ते या ग्रंथाकडे वळले होते. त्यांना व्हिटनीचं मत पटलं नव्हतं. दीक्षितांनीही या वादात स्वदेशाभिमानाचा झेंडा नाचवला नाही. आपल्या सिद्धांतांतले आकडे टॉलेमीच्या आकड्यांशी जुळत नाहीत, तेव्हा ते त्याच्यावरून उतरवलेले नाहीत, असा त्यांचा रोख होता. आकडे जिथे नेतील तिथे ते जात. आजही या विषयावर बोलताना माणसं तावातावाने हातवारे करतात. त्यांना हा ग्रंथ वाचायला द्यावासा वाटतो.

वेदकाळाबद्दल मात्र त्यांनी मोठी उडी घेतली. शतपथ ब्राह्मणात असा उल्लेख येतो की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. आज कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवत नाहीत, बऱ्याच उत्तरेकडे सरकून उगवतात. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, त्यामुळे हे सरकणं होतं. कृत्तिका नेमक्या पूर्वेला कधी उगवत असत याचं गणित करून दीक्षितांनी तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षं काढला. १८९५ मध्ये हा लेख आला. त्याआधी दोनच वर्षं लोकमान्य टिळकांचं 'ओरायन' प्रसिद्ध झालं होतं, त्यामुळे हा विषय तेव्हा ऐन रंगात होता. पुढच्या अनेक अभ्यासकांना दीक्षितांचा हा निष्कर्ष मान्य झाला नाही. ते वाक्य आधीच्या काळची आठवण सांगत असेल, किंवा त्याचा अर्थ इतका काटेकोर घेऊ नये, असं ते म्हणतात. मलाही एका वाक्यावर एवढा इमला जरा जड वाटतो. गणित बरोबर, पण आकाशाकडे बघून बोलणाऱ्या माणसाने किती बारकाईने बघितलं होतं हे गणिताला कळत नाही.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे वळते, कारण तोच प्रश्न दीक्षितांच्या काळात महाराष्ट्रभर पेटला होता. सूर्यसिद्धांताचं वर्ष ऋतूंच्या खऱ्या वर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी मोठं आहे. चोवीस मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण साठ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो, आणि दीड हजार वर्षांत पंचवीस दिवस. म्हणूनच उत्तरायण लागतं २१-२२ डिसेंबरला, आणि आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला. पंचांग आकाशाशी जुळवून घेतलं पाहिजे हे केरोपंत छत्र्यांनी १८६० च्या दशकातच सांगायला सुरुवात केली होती. त्यांनी राशिचक्राचा आरंभ एका विशिष्ट ताऱ्यापाशी धरला. टिळक त्यांचेच विद्यार्थी, आणि माझ्या माहेरचं पंचांग त्याच वळणाचं. त्यात आणि दुसऱ्या पंचांगांत आरंभस्थानाचा चारेक अंशांचा फरक, म्हणून संक्रांतीत चार दिवसांचा फरक. हे चार दिवस अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे पडले की एकाचा अधिक मास दुसऱ्याचा साधा महिना होतो, आणि गणपती महिनाभर लांब जातात.

दीक्षितांनी विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर तिसरीच वाट धरली: सायन पंचांगाची. वेदांत मधू आणि माधव हे वसंताचे महिने आहेत, सण ऋतूंशी बांधलेले आहेत. तेव्हा वर्ष ऋतूंचंच धरावं, संक्रांत उत्तरायणाच्या दिवशीच करावी, असा त्यांचा आग्रह. तसं पंचांगही या मंडळींनी काढलं. लोकांनी ते स्वीकारलं नाही. का स्वीकारावं? घरची संक्रांत तेवीस-चोवीस दिवस मागे ओढायची, लग्नाचे मुहूर्त बदलायचे, श्राद्धाच्या तिथींचे महिने बदलायचे. आणि हे सांगणार कोण, तर शाळेचा मास्तर! मला दीक्षितांचं कौतुक वाटतं ते इथे. आपल्या ग्रंथात त्यांनी विरुद्ध पक्षाची बाजू पुरेपूर मांडली आहे. केरोपंतांच्या पक्षाचीही आणि जुन्या पंचांगांचीही. गावोगावचे जोशी कुठल्या ग्रंथावरून पंचांग करतात, महाराष्ट्रात नांदगावच्या गणेश दैवज्ञाचा 'ग्रहलाघव' शके १४४२ पासून कसा चालत आला, हे ते प्रेमाने सांगतात. ज्यांचं पंचांग चुकीचं म्हणायचं त्यांच्याच कष्टांची नोंद इतक्या आदराने ठेवणं सोपं नसतं.

हा ग्रंथ मुळात दक्षिणा प्राइज कमिटीच्या बक्षिसासाठी लिहिलेला. बक्षीस मिळालं, पण पुस्तक छापून यायला १८९६ साल उजाडलं. पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यात पाचशेहून अधिक पानं जुळवली गेली. त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांचं दुसरं मोठं पुस्तक निघालं, रॉबर्ट सेवेल या मद्रासकडच्या सनदी अधिकाऱ्याबरोबर लिहिलेलं 'इंडियन कॅलेंडर'. इसवी सन ३०० ते १९०० पर्यंतची कुठलीही हिंदू तिथी इंग्रजी तारखेत कशी आणायची याचे तक्ते त्यात आहेत. शिलालेख वाचणाऱ्यांच्या टेबलावर ते पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या राहिलं. इंग्रजीतलं पुस्तक साहेबांच्या कामाला आलं. मराठीतला मोठा ग्रंथ मात्र बाहेरच्यांना वाचता येईना. त्याचं इंग्रजी भाषांतर भारत सरकारने काढलं, पहिला भाग १९६९ मध्ये आणि दुसरा १९८१ मध्ये. त्याच्याही आधी, १९५७ मध्ये, हिंदीत तो आला होता. ज्या भाषेत शिकवलं त्याच भाषेत आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम लिहायचं, हा निर्णय दीक्षितांना महागात पडला असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. तो मराठीत नसता तर सोलापूरकडच्या एका वाचनालयात, वरच्या फळीवर, माझ्या हाती लागला नसता.

पुस्तक निघून दोन वर्षं होत नाहीत तोच, एप्रिल १८९८ मध्ये, दीक्षित गेले. वयाची पंचेचाळीस वर्षंही पुरी झाली नव्हती. नोकरीतून निवृत्त होऊन निवांत लिहायचं जे वय, तिथपर्यंत ते पोचलेच नाहीत. जे केलं ते सगळं शाळेची घंटा सांभाळून केलेलं. 'भारतवर्षीय भूवर्णन' हे त्यांचं पुस्तक त्यांच्यामागे छापलं गेलं.

आणखी एक गोष्ट. स्वातंत्र्यानंतर देशासाठी एक दिनदर्शिका असावी म्हणून मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये समिती नेमली गेली, आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, राष्ट्रीय पंचांग सुरू झालं. त्यातलं वर्ष सायन आहे, ऋतूंचं, लेले-मोडक-दीक्षितांनी मागितलं होतं तसं. सरकारी राजपत्रावर ती तारीख असते. मी वर्गात फळ्यावर ती लिहू लागले तेव्हा मुलांना वाटलं, बाईंची तारीख चुकली.

सासूबाईंना हे सगळं सांगायला मला दोन-तीन संध्याकाळी लागल्या. दीक्षितांच्या हिशेबाने माझं माहेरही चुकतं आणि सासरही, हे ऐकल्यावर त्या बराच वेळ वाती वळत राहिल्या. मग म्हणाल्या की माणूस शहाणा होता, पण गणपती घरी यायचा तेव्हाच येतो. मला वाटलं विषय संपला. त्या वर्षी डिसेंबरच्या २२ तारखेला शाळेतून आले, तर स्वयंपाकघरात तीळ भाजल्याचा वास. वाटीभरच लाडू केले होते. ते मास्तरांच्या संक्रांतीचे, असं सांगून त्यांनी एक माझ्या हातावर ठेवला. १० जानेवारीला माहेरच्या पंचांगाची संक्रांत झाली, आणि १४ ला आमची, नेहमीसारखी, परातभर.